‘रशियन घुबड’ आमच्या टाकीखालचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या अंकातील ‘उत्तरेचे पाहुणे’ वाचले. अर्धे पान पक्ष्यांना दिलेत, आभार. एरवी नागपुरात थंडी पडली की तुमच्याकडे शेकोटीचा फोटो आणि संत्र्यांचे भाव, एवढेच येते. पण त्या पानावरचा मोठा फोटो ज्याने निवडला, त्याला एकदा आमच्या सोसायटीत पाठवाच.

बातमी आखूड कानांच्या घुबडाची. ते खरोखरच हिवाळ्यापुरते उत्तरेकडून येते, डोळे पिवळे, भोवती काजळ फासल्यासारखा काळा रंग. फोटो मात्र गव्हाणी घुबडाचा! पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, डोळे काळेभोर. गव्हाणी कुठून येत नाही आणि कुठे जात नाही. महाल भागातल्या जुन्या वाड्यांपासून आमच्या प्रतापनगरातल्या फ्लॅटपर्यंत बारा महिने ते इथेच असते. त्याच्या फोटोखाली ‘रशियाहून हजारो किलोमीटरचा प्रवास’ ही ओळ कोणी घातली?

आमच्या इमारतीत पाण्याच्या टाकीखालच्या कोनाड्यात याच घुबडांची जोडी कित्येक वर्षे राहते. दिवाळीआधी सोसायटीच्या सचिवांनी सभेत विषय काढला की हे अशुभ आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे गुडघ्याचे दुखणे यांच्यामुळेच वाढले, सबब कोनाडा विटा लावून बुजवावा. लक्ष्मीपूजनाच्या तसबिरीत घुबड चालते, टाकीखाली चालत नाही. मी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आठवण करून दिली. कोणी ऐकेना. शेवटी टाकीखाली पडलेली एक करडी गोळी आणून सगळ्यांदेखत काडीने फोडली. घुबड उंदीर सबंध गिळते आणि हाडे-केस गोळी करून ओकून टाकते, त्यातलीच ही. आत उंदराचा अख्खा जबडा निघाला, नारिंगी दातांसकट. निम्म्या लोकांनी नाकाला पदर-रुमाल लावले, पण पार्किंगमधल्या गाड्यांच्या वायरी कोण वाचवते ते कळले असावे. विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

आणि रविवारी सकाळी तेच सचिव तुमचा अंक हातात घेऊन लोकांना गच्चीवर नेत होते. ‘पेपरात आलंय, रशियाचं आहे!’ आमचा चौकीदार म्हणाला, ‘साहेब, हे तं आपल्याच टाकीखालचं हाय न!’ त्याला गप्प बसवण्यात आले. दुपारपर्यंत शिडी लागली, मोबाइलचे फ्लॅश उडू लागले, शेजारच्या इमारतीतली मुले शिट्ट्या मारायला लागली. त्यातले एक घुबड भर उन्हात बाहेर पडले आणि कावळ्यांचे टोळके त्याच्या मागे लागले. आज सकाळी कोनाड्यात एकच दिसले. जे काम विटांनी व्हायचे राहिले होते, ते तुमच्या फोटोने केले, असे म्हणू का?

ज्या घुबडाची मूळ बातमी, त्याचे तरी भले झाले म्हणावे तर तेही नाही. तुम्ही गावाचे नाव, फाटा, तिथून किती आत जायचे, सगळे छापलेत. हे घुबड झाडावर नव्हे, माळावरच्या गवतात जमिनीवर बसते आणि दिवस कलला की गवताच्या लगत उडत उंदीर धरते. म्हणजे ज्या वेळी त्याने पोट भरायचे, नेमक्या त्याच वेळी काल तिथे मोटारसायकलींची रांग लागली होती. माझा पुतण्या जाऊन आला. फोटो नीट यावा म्हणून एकजण गवतात खडे मारत होता म्हणे. ठिकाण न छापता बातमी अपुरी राहिली असती का?

आणखी एक. उत्तरेकडून आलेला प्रत्येक पक्षी तुमच्याकडे ‘सैबेरियन’ कसा होतो? त्याच पानावर तलावातल्या पट्टकादंबांनाही तुम्ही सैबेरियात जन्माला घातलेत. ते मंगोलिया, तिबेट, लडाखकडचे. हिमालय ओलांडताना ते ७००० मीटरच्याही वर गेल्याच्या नोंदी उपग्रहाच्या मदतीने झाल्या आहेत. एवढे करून इथवर आलेल्या पक्ष्याचा पत्ता तरी बरोबर छापावा. सैबेरियन क्रौंच म्हणाल, तर तो भरतपूरलाही २००२ नंतर फिरकलेला नाही. आणि घुबडाचाच मोठा फोटो हवा होता तर आपला रानपिंगळा काय वाईट होता? १८८४ नंतर शंभरावर वर्षे पत्ता नाही, संपला असेच धरून चालले होते. १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला, पुढे मेळघाटातही. पण तो पडला विदर्भाचा, परदेशी नाही.

जाता जाता, त्याच अंकाच्या सातव्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात एका बाबांची जाहिरात आहे. वशीकरण, सौतन से छुटकारा, घरबसल्या समाधान. असल्याच बाबांच्या नादाने दिवाळीच्या अमावस्येला घुबडे मारली जातात. राज्यात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, त्यावर तुमचा अग्रलेखही वाचल्याचे आठवते. जाहिरात विभाग अग्रलेख वाचत नाही काय?

दुरुस्ती छापणार असाल तर फोटोच्या आकाराएवढीच छापा. आतल्या पानावरच्या दोन ओळी आमचे सचिव वाचत नाहीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार, प्रतापनगर, नागपूर
(नाव छापू नये. पुढच्या महिन्यात सोसायटीची सभा आहे.)