खणातली बातमी

प्रिय श्रीकांत,

परवा फोनवर पुढाऱ्यांच्या भानगडींच्या बातम्यांवरून तू म्हणालास, "कुणाचं कुणाशी जुळलं ते तो, त्याची बायको आणि ती तिसरी बघून घेतील. पेपरवाल्यांना काय करायचंय?" मी "खरंय" म्हणालो, तुझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि फोन ठेवला. ते "खरंय" तोंडदेखलं होतं. बावीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर काढल्यावर या प्रश्नाचं एका शब्दात उत्तर देता येत नाही रे. म्हणून हे पत्र. लांबेल, आधीच सांगतो.

तुझं तत्त्व मला मान्य आहे. अडचण एवढीच की आमच्या जमातीला ते ठरावीक माणसांच्या वेळीच आठवतं. केनेडींच्या भानगडी व्हाइट हाउसमध्ये वावरणाऱ्या कितीतरी वार्ताहरांच्या कानावर होत्या, पण त्यावर ओळ लिहायची नाही असा अलिखित दंडक होता. मग १९८७ साली गॅरी हार्टची पाळी आली. डेमोक्रॅटिक पक्षाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीच्या शर्यतीत हा सगळ्यांच्या पुढे. 'मायामी हेरल्ड'चे वार्ताहर त्याच्या वॉशिंग्टनमधल्या घरावर पाळत ठेवून बसले, आत-बाहेर करणारी तरुणी पाहिली, बातमी छापली आणि आठवड्याच्या आत गडी शर्यतीतून बाहेर. लोक अजून सांगतात की हार्टनंच "माझ्या मागे फिरून बघा, कंटाळाल" असं आव्हान दिलं होतं, मग भोगा म्हणावं. आव्हान दिलं होतं खरं. पण ते वाचकांपुढे आलं त्याच रविवारी, ज्या रविवारी हेरल्डची बातमी आली. वार्ताहर कामाला लागले होते ते एका निनावी फोनमुळे. आव्हानाची गोष्ट मागाहून उपयोगी पडली, पाळतीला सोवळं नेसवायला. आमच्या धंद्यात हे फार चालतं. आधी छापायचं, मग नियम शोधायचा.

मला जास्त खटकतं ते २००८ साल. फेब्रुवारीत 'न्यूयॉर्क टाइम्स'नं रिपब्लिकन पक्षाकडून राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत असलेल्या जॉन मॅकेनवर मोठी बातमी केली. त्याचं एका महिला लॉबिस्टशी, म्हणजे कंपन्यांसाठी पुढाऱ्यांकडे रदबदली करणाऱ्या बाईशी, नको तेवढं सख्य आहे की काय, अशी धास्ती त्याच्या काही जुन्या सहकाऱ्यांना वाटत होती म्हणे. नीट वाच हं. संबंध होते असं म्हटलेलं नाही, धास्ती वाटत होती. दोघांनीही साफ नाकारलं. वर्षअखेरीस त्या बाईनं दावा ठोकला, आणि नंतर तडजोडीत पेपरला खुलासा छापावा लागला की तसे संबंध होते असं आम्हाला सुचवायचं नव्हतं.

आता दुसरी बाजू बघ. त्याच निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी जॉन एडवर्ड्स उभा होता. त्याच्या लफड्याच्या मागे 'नॅशनल एन्क्वायरर' हे चटकदार साप्ताहिक ऑक्टोबर २००७ पासून लागलं होतं. मोठ्या पेपरांनी नाकाला रुमाल लावला. जुलै २००८ मध्ये एन्क्वायररच्या माणसांनी त्याला मध्यरात्रीनंतर एका हॉटेलात गाठलं, तरीही 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये ब्लॉग लिहिणाऱ्यांना सूचना गेली की या विषयाला हात लावू नका. ऑगस्टमध्ये एडवर्ड्सनं स्वतःच टीव्हीवर कबुली दिली, तेव्हा कुठे सगळ्यांना कंठ फुटला. पुढे समर्थकांचा पैसा हे प्रकरण झाकायला वापरल्याबद्दल त्याच्यावर खटला झाला. एका आरोपातून तो सुटला, बाकीच्यांवर ज्युरीचं एकमत झालं नाही.

उजवे म्हणतात, एडवर्ड्स डाव्या पेपरवाल्यांचा 'आपला' होता म्हणून वाचवला. असेल, तेही असेल. पण मला आतलं माहीत असलेलं कारण याहून क्षुद्र आहे. बातमी हलक्या घरातून आली होती. आपल्याला नाही मिळाली आणि त्या चिंधीला मिळाली, हे पचत नाही म्हणून तिला बातमीच म्हणायचं नाही. आमच्या कचेरीत मी हे डझनभर वेळा पाहिलंय.

तू म्हणशील, न छापल्यानं नुकसान कुणाचं झालं? मग मितराँचं ऐक, कारण तुझ्या तत्त्वाला खरा धक्का तिथे बसतो. फ्रान्सच्या या राष्ट्राध्यक्षाचा दुसरा संसार होता, १९७४ साली जन्मलेली मुलगी होती. पॅरिसमधल्या बऱ्याच पत्रकारांना ते माहीत होतं. फ्रेंच सभ्यता म्हणून सगळे गप्प. 'पारी माच' या साप्ताहिकानं मुलीचा फोटो छापला तो थेट नोव्हेंबर १९९४ मध्ये, आणि चौदा महिन्यांनी मितराँच्या अंत्यसंस्काराला दोन्ही कुटुंबं उभी होती. इथपर्यंत वाचलं की वाटतं, किती समंजस देश! पण तो दुसरा संसार सरकारी घरात होता, सरकारी बंदोबस्तात होता. आणि एलिझे प्रासादातल्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या निवासातल्या, एका खास पथकानं १९८३ ते १९८६ या काळात बेकायदा फोन टॅप केले, त्यात मुलीची गोष्ट फोडू बघणारा एक लेखकही होता. खाजगी म्हणून ज्यावर पडदा टाकला, त्याच्या आड राज्ययंत्रणा राबत होती. न छापणाऱ्यांना सगळं नसेल ठाऊक. पण त्यांनी शोधायचंच थांबवलं होतं.

इंग्रजांची तऱ्हा आणखी न्यारी. १९९३ मध्ये पंतप्रधान जॉन मेजरचं नाव दोन नियतकालिकांनी एका केटरर बाईशी जोडलं. धादांत खोटं. मेजरनं दावा लावून पैसे वसूल केले. त्याच वर्षी त्यानं 'मूळ मूल्यांकडे परत चला' अशी घोषणा दिली आणि पेपरांनी ती काठी करून त्याच्या मंत्र्यांना एकेक करून झोडपलं. खुद्द मेजरचं १९८४ ते १९८८ या काळात एडविना करी या सहकारी खासदाराशी प्रकरण होतं, हे बाहेर आलं २००२ मध्ये, तेही बाईंनी डायरी छापली म्हणून. सगळी फ्लीट स्ट्रीट, म्हणजे लंडनची पेपरवाली जमात, चुकीच्या दारावर कान लावून बसली होती! मला अजून हसू येतं.

ढोंग उघडं पाडायला छापतो, असं आम्ही नेहमी सांगतो. मग १९९८ मध्ये क्लिंटनवर नीतीची तोफ डागणारा रिपब्लिकन पुढारी न्यूट गिंगरिच त्याच काळात स्वतः बाहेर भानगड करत होता. त्यानं हे कबूल केलं २००७ मध्ये. क्लिंटनच्या शपथेवरच्या खोटेपणाला मी क्षुल्लक म्हणत नाही. पण त्या प्रकरणाला आपण काय नाव दिलं आठव. राष्ट्राध्यक्ष पन्नाशीकडे झुकलेला, ती बावीस वर्षांची इंटर्न, आणि प्रकरण 'मोनिका'चं. तो महाभियोगातून निर्दोष सुटला, मुदत पुरी केली, भाषणं देत जगभर फिरला. तिला नोकरी मिळेना.

हे आजचंही नाही. १९६३ मध्ये ब्रिटनचा युद्धमंत्री प्रोफ्युमो क्रिस्टिन कीलर या तरुणीशी असलेल्या प्रकरणावरून संसदेत खोटं बोलला आणि पायउतार झाला. बारा वर्षांनी त्याला समाजसेवेसाठी राजसन्मान मिळाला. कीलर मात्र दुसऱ्याच खटल्यातल्या खोट्या साक्षीबद्दल तुरुंगात गेली आणि मरेपर्यंत त्या एका ओळखीची धनीण राहिली. आणि बाई स्वतः पुढारी असली तर? २०१९ मध्ये केटी हिल या अमेरिकी खासदाराचे उघडे फोटो छापले गेले. प्रचारातल्या एका कर्मचाऱ्याशी संबंध ठेवणं चूकच होतं, तिनंही ते मान्य केलं. पण त्यासाठी तिचे उघडे फोटो छापायची काय गरज होती? ती न्यायालयात गेली, हरली, आणि पेपरच्या वकिलांचा खर्च तिच्याच माथी आला.

आता माझं सांगतो. तुला हे कधी बोललो नाही.

आमच्याकडे एका पोरानं एका बड्या नेत्याच्या दुसऱ्या घराची बातमी आणली होती. नुसती चटकदार नव्हती. घर एका ठेकेदाराच्या नावावर, आणि त्याच ठेकेदाराला कामं मिळालेली. कागद होते. वृत्तसंपादकांनी वाचली, "मेहनत केलीस" म्हणाले आणि खणात ठेवली. पोरगं आठवडाभर विचारत राहिलं. साहेबांचं उत्तर तयार, "खाजगी आयुष्य आहे रे, आपण त्या थराला जायचं नाही." पण बातमी फाडून टाकली नाही हो त्यांनी. ती खणातच राहिली, आणि त्या नेत्याच्या माणसांना ती तिथे आहे हे माहीत होतं. आपला पेपर त्या नेत्याकडे का एवढा हक्कानं जातो, हे मला त्यानंतर कळलं.

काही महिन्यांनी एका किरकोळ नगरसेवकाचं प्रकरण आलं. ना ठेका, ना पैसा. त्याची बायको त्या दुसरीच्या दारात जाऊन ओरडली, एवढंच. पान एकवर जागा होती. ती दुसरी बाई शाळेत शिक्षिका होती. मथळा मी दिला. तिचं नाव आणि तिची शाळा, दोन्ही घातलं, कारण त्याशिवाय मथळा भरत नव्हता. साहेबांनी पाठ थोपटली. पुढे ती शाळेत दिसली नाही, असं कुणीसं म्हणालं. मी खोलात गेलो नाही.

हे पत्र लिहिताना त्या नगरसेवकाचं नाव आठवायला बसलो, अजून आठवलेलं नाही. तिचं लगेच आठवलं, आडनावासकट. इथे लिहीत नाही.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन टाळू नकोस.

तुझा,
अरविंद