वाळवंटातल्या शेतावर एक दिवस

शारजा, 1 मार्च

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

ग्रुपवर इथल्या शेतावरचे फोटो टाकले तेव्हा सगळ्यांनी पोरांचं कौतुक केलं. तू मात्र दोनच शब्द लिहिलेस, "पाणी कुठलं?" त्याचं उत्तर मोबाईलवर टाईप करण्यासारखं नव्हतं, म्हणून हे पत्र.

आई इथे आल्यापासून मॉल, समुद्र, बुर्ज खलिफा सगळं दाखवून झालं. तिचं मन कशात रमेना. शेवटी मागच्या शनिवारी तिला, सईला आणि धाकट्याला घेऊन अल ऐनच्या वाटेवरच्या एका सेंद्रिय शेतावर गेलो. दुबई मागे पडली की वाळूचा रंग बदलत जातो, पिवळी वाळू हळूहळू तांबूस होते. मध्ये मध्ये घाफची झाडं लागतात. घाफ म्हणजे आपली शमी रे, दसऱ्याला पूजतो तीच! 2008 साली तिला इथल्या, म्हणजे अमिरातीच्या, राष्ट्रीय झाडाचा मान मिळाला. खालच्या फांद्या एका रेषेत छाटल्यासारख्या दिसतात. सई म्हणाली, माळी किती नीट कापतात. माळी कुठला, उंटांची मान जिथवर पोचते तिथवरचा पाला त्यांनी ओरबाडलेला. आईने गाडी थांबवायला लावली, उतरून हात जोडले आणि मगच पुढे निघू दिलं.

शेतावर पोचल्यावर माहिती देणारा मुलगा बोलायला लागला, तर आई थेट वाफ्यापाशी जाऊन उकिडवी बसली. बोटं मातीत घातली, मूठभर उचलून दाबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हाई माटी शे का रे?" प्रश्न बरोबर होता. वरचा चार बोटांचा थर काळपट, कुजलेल्या खताचा. त्याखाली उकरलं की निव्वळ वाळू. ठिबकच्या नळीखाली ओलाव्याचं ताटाएवढं वर्तुळ आणि त्या वर्तुळाच्या कडेला पांढरी पापुद्र्यासारखी रेघ. ती रेघ तुला सांगायला नकोच. क्षार.

तर पाणी. पाऊस इथे वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर, तोही पडला तर. विहिरी आहेत, पण बहुतेक ठिकाणी पाणी मचूळ, आणि वर्षानुवर्षं उपसा करून ते आणखी खोल आणि खारट झालंय. म्हणून ते यंत्रातून गाळून गोडं करायचं, नाहीतर गाळलेलं आणि खारं मिसळून द्यायचं. म्हणजे पाण्याला वीज लागली. वाळूत पाणी ठरत नाही, त्यामुळे तुझ्यासारखं एकदा ठिबक सोडून दोन दिवस निवांत बसता येत नाही; थोडं थोडं, दिवसातून अनेकदा. शिवाय मुळाशी साचलेले क्षार खाली ढकलायला गरजेपेक्षा जास्तीचं पाणी सोडावं लागतं. एक मात्र मानलं पाहिजे, वाळूतून क्षार धुऊन तरी जातात. आपल्याकडे कॅनॉलखालचं काळं रान एकदा चोपण, म्हणजे क्षारांनी घट्ट आणि नापीक, झालं की पिढी जाते.

खत कसलं, तर खजुराच्या झावळ्यांचा भुगा, कोंबड्यांची विष्ठा, शेण, भाजीचा उरलेला पाला. ढिगाजवळ गेलो तर वाफा निघत होत्या. उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात सेंद्रिय पदार्थ बघता बघता जळून जातो. दर हंगामात माती पुन्हा पहिल्यापासून करायची. तिथला मुलगा म्हणाला, "आम्ही भाजी कमी आणि माती जास्त पिकवतो." मला ते फार पटलं.

आता माझं मत. ऑक्टोबर ते एप्रिल इथे पालक, गाजर, कोबी, टोमॅटो लावणं शहाणपणाचं आहे. जो देश आपलं बहुतेक अन्न बाहेरून आणतो, त्याने हिवाळ्याचे हे महिने वाया का घालवावेत? पण भर उन्हाळ्यात, भिजत्या पॅडमधून पंख्याने वारा ओढून थंड केलेल्या पॉलीहाऊसमध्ये पिकवायचा हट्ट मला झेपत नाही. झाडाला पाजलेल्या पाण्याहून ते पॉलीहाऊस गार ठेवायलाच जास्त पाणी लागतं. वर "सेंद्रिय"चं लेबल असलं तरी हिशेब तोच. दुकानात भाव असे की एका पाकिटाच्या पैशात साक्रीच्या बाजारात पाटी भरेल. घेतलं मी, पोरांनी स्वतः उपटलेली गाजरं परत कशी ठेवणार?

गाजर उपटायची मजा तुला बघायला हवी होती. आपल्या काळ्या जमिनीत पाला हातात येतो आणि गाजर आतच राहतं. इथे धाकट्याने दोन बोटांनी ओढलं तर ते सुळकन बाहेर आलं, सरळ, गुळगुळीत, वाळू आपोआप झडलेली. त्याने सात-आठ उपटली आणि मग त्यातली काही बकऱ्यांना वाटून टाकली. सईला कोंबडीखालून अंडं काढायचं होतं, ते कोमट लागल्यावर तिने किंचाळून परत ठेवलं.

जेवणात हुमूस (छोल्यांची चटणी), लबनेह (दह्याचा चक्का) आणि भाजलेल्या वांग्याचं मुतब्बल होतं. आईने मुतब्बल चाखलं, थोडा वेळ चावत राहिली. "वांगं चांगलं भाजलंय. पण तिळाची पेस्ट कशाला? मिरची, लसूण, दाणे घालून ठेचा म्हणावं." ही सूचना मी मालकापर्यंत पोचवली नाही.

परतण्याआधी पुढे अल ऐनच्या जुन्या खजूरबनात शिरलो. युनेस्कोच्या यादीत 2011 पासून आहे. आत पाऊल टाकलं की ऊन एकदम मऊ होतं. वर खजुराची सावली, खाली लिंबू, डाळिंब, अंजीर आणि सगळ्यातून वाहणारा फलज. डोंगराच्या पायथ्याचं पाणी भुयारी पाटाने, नुसत्या उताराच्या जोरावर वस्तीपर्यंत आणायचं आणि पाळ्या लावून वाटायचं. अल ऐनजवळ हिलीला सापडलेला फलज सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचा आहे. तुझे आजोबा पांझरा नदीच्या फडावर, म्हणजे बंधाऱ्याच्या पाटावरच्या सामायिक रानात, पाटकऱ्याशी पाण्याच्या पाळीवरून भांडायचे ते आठवलं. इथेही भांडणं झाली असणार, त्याशिवाय पाट कसला!

फेब्रुवारी-मार्च म्हणजे खजुराच्या परागीकरणाचा हंगाम. एक सिंधी माणूस कमरेला दोर बांधून वर चढला होता. नराच्या तुऱ्याच्या दोन-तीन काड्या उलट्या करून त्याने मादीच्या तुऱ्यात खोचल्या आणि पात्याच्या सालीने सैल गाठ मारली. पांढरी भुकटी आईच्या पदरावर उडाली. त्याची हिंदी आणि आईची हिंदी जेमतेम जुळली, पण एवढं कळलं की पन्नासेक माद्यांना एक नर पुरतो. पुढच्या झाडाला कामगंध सापळा, म्हणजे वासाने किडे ओढून पकडणारा डबा, टांगला होता. कोकणात नारळ पोखरतो तोच सोंड्या भुंगा, 1980च्या दशकात इकडे आला आणि आता आखाताभर पसरलाय. आईने दोन झाडं हाताने ठोकून बघितली. काय ऐकू आलं कुणास ठाऊक, पण मान डोलावली.

तिचं परतीचं तिकीट 20 तारखेचं आहे. तोवर गावच्या घराच्या मागच्या अंगणातल्या वांग्यांना एक दिवसाआड पाणी घालायला गड्याला सांग, हा तिचा निरोप. तुझ्या हस्त बहाराच्या, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी धरलेल्या, फळांना व्यापाऱ्याने शेवटी काय भाव दिला तेही कळव, आणि ठिबकच्या नळ्यांतले क्षार काढायला ॲसिड सोडलं असशील तर किती प्रमाणात, ते लिही. इथल्या मुलाला हवंय, मी त्याला तुझ्याबद्दल बरंच फुगवून सांगितलंय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बापू