सागर, सुया टोचून घे, पण गाडी चालवू नको

चि. सागर,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू निघालास तेव्हा मी गेटपर्यंत आलो नाही, ते तुझी आई अजून ऐकवतेय. राग नव्हता रे. तू चावी उचललीस आणि माझ्याच्याने बघवेना. नाशिक-पुणे मी वर्षानुवर्षं एसटी चालवत केलंय, सिन्नर सोडलं की संगमनेर, मग चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव, खेडचा घाट, तो सगळा रस्ता डोळ्यासमोर आला आणि त्यावर केमोने बधिर झालेले तुझे ते पाय. "पोचलो" असा मेसेज आला तोवर मला घास गिळला नाही. असो. गाडीचा विषय काढायचा नाही असं ठरवूनच बसलोय, अ‍ॅक्युपंक्चरबद्दल लिहायचंय.

त्या दिवशी तू पायांसाठी अ‍ॅक्युपंक्चर करून बघतो म्हणालास, मी म्हणालो सुया टोचून मेलेली नस जिवंत होते का, आणि तू ताटावरून उठलास. नंतर मी सुमनच्या सोनालीला फोन लावला. ती म्हणाली मामा, ऑक्सॅलिप्लॅटिन जे देतात ना ते मणक्याजवळ ज्या नसांच्या पेशी असतात त्यांनाच इजा करतं, आणि सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात म्हणून आधी पाय बधिर होतात, मग हात. लांब पल्ल्याची गाडी आधी लेट होते तसं, एवढं मला लगेच कळलं. अजून एक सांगितलं तिने, ते तुला डॉक्टरांनी सांगितलं असेल नसेल, केमो थांबल्यावरही दोन-तीन महिने मुंग्या वाढत जाऊ शकतात. म्हणजे डिसेंबरात शेवटची सलाईन झाली आणि संक्रांतीनंतर जास्त त्रास व्हायला लागला म्हणजे ते कॅन्सरचं दुखणं परत आलं असं नाही. तू बोलला नाहीस पण तुझ्या मनात तेच होतं ना? माझ्या होतं. रात्री उठून ओट्यावर बसायचो, आईला सांगायचो थंडी वाजतेय.

तर सुयांचं. सोनाली म्हणते अमेरिकेतल्या कॅन्सरच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२० साली सगळे अभ्यास तपासले, त्यात या नसांच्या दुखण्यावर शिफारस करावी अशी एकच गोळी निघाली, ड्युलोक्सेटिन, तुला दिलीये तीच. अ‍ॅक्युपंक्चरने काहींना फायदा दिसतो आणि अपाय कमी, पण अभ्यास छोटे, माणसं थोडी, म्हणून तेव्हा त्यांनी हो पण म्हटलं नाही आणि नाही पण. मग २०२२ ला त्यांनीच लिहिलं की केमोमुळे नसा दुखत असतील तर अ‍ॅक्युपंक्चर देऊन बघायला हरकत नाही, पुरावा कच्चा आहे हे सांगून. म्हणजे तू काही खुळ्यासारखं बोलत नव्हतास. करून बघ. पैशाचा विचार करू नको, पेन्शन नाममात्र असली तरी फंडातले आहेत आणि ते कशासाठी ठेवलेत.

आणि हे चिनी खूळ वगैरे मी बोललो ते सोड. आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ ला वैद्यकीय पथकातून चीनला गेले, त्याच पथकात डॉ. बसू होते, त्यांनीच पुढे १९५९ च्या सुमारास ही विद्या भारतात आणली म्हणे. आता महाराष्ट्रात कायदा आहे, कौन्सिल आहे, तेव्हा ज्याच्याकडे जाशील त्याची नोंदणी आहे का ते तोंडावर विचार, लाजायचं नाही. सुया नव्या, पाकीट तुझ्यासमोर फोडलेलं. जायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना सांग आणि सीबीसी, ती रक्ताची तपासणी, करून घे, प्लेटलेट किंवा पांढऱ्या पेशी कमी असतील तर सुई लावायचीच नाही. केमोसाठी छातीत बसवलेला पोर्ट अजून काढलेला नाही ते त्यांना आधीच सांग, त्या बाजूला हात लावू देऊ नको. सुई केसासारखी बारीक असते, भरीव, इंजेक्शनसारखी पोकळ नाही, त्यातून औषध जात नाही. गुडघ्याखाली चार बोटांवर लावतात, पायाच्या बोटांच्या बेचक्यात लावतात आणि वीस-तीस मिनिटं पडून राहायचं. एका दिवसात फरक पडत नाही, आठवड्याला एकदा असं दोनेक महिने चालतं. आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, ती एकदम सोडली की चक्कर, मळमळ होते. "नसा शंभर टक्के मोकळ्या करतो" म्हणणारा भेटला तर तिथून उठ.

बघ, शिकवायला लागलो. तुला काय हे कळत नाही? केमोची बाटली लावलेली असताना लॅपटॉप मांडीवर घेऊन मीटिंगा करणारा पोरगा तू, नर्स म्हणायची काका तुमचा मुलगा फार धीराचा. डेपोत अजून सगळे विचारतात, सागर कसाय, आणि मी ताठ मानेने सांगतो ऑफिसला जातो.

पण सागर, ती चप्पल. माईच्या खोलीतून तू बाहेर आलास, उजव्या पायातली चप्पल उंबऱ्यातच राहिली आणि तू तसाच पार ओट्यापर्यंत चालत गेलास, तुला कळलंच नाही. मी बघितलं. आणि त्या सकाळी न्हाणीत तू पायावर पाणी घेतलंस, आईने बादलीत हात घातला आणि ओरडली, पाय लालबुंद झालेला आणि तू म्हणतोस कोमट आहे. ज्या पायाला चप्पल गेलेली कळत नाही त्याला ब्रेक कळेल का रे?

नवरात्रात सप्तशृंगी गडाच्या जादा गाड्या असायच्या, तू माझ्याशेजारी बॉनेटवर बसायचास, ढुंगणाला चटके बसायचे म्हणून आई गोधडीची घडी द्यायची. नांदुरीचा घाट चढताना एकदा विचारलंस, पप्पा तुम्ही खाली न बघता ब्रेक कसा शोधता? मी म्हणालो पायाला कळतं. केवढासा होतास, नंतर घरी खुर्चीवर बसून डोळे मिटून पाय दाबत होतास, पितळी तांब्या म्हणजे ब्रेक आणि माईची खडाव म्हणजे क्लच. माई हसून हसून बेजार.

मी गाडी कायमची सोड म्हणत नाही. बऱ्याच जणांची संवेदना महिन्यामहिन्यांनी परत येते, तुझी येईल. तोवर रिक्षा कर, प्रज्ञाला चालवू दे. पिलूला शाळेत सोडायला तर मुळीच गाडी काढू नको. रागावू नकोस, मी पुन्हा तेच बोललो ते मला कळतंय, पण हे एवढं एक ऐक. रात्री झोपताना तळपाय आरशात बघत जा, काच लागली तरी समजणार नाही. घरातही चप्पल, मागे पट्टा असलेली. पाणी आधी कोपराने बघायचं.

पहिल्या सिटिंगला मी येतो. ई-शिवाईने येईन, मला अर्धंच तिकीट लागतं, आणि आपण दोघं रिक्षाने जाऊ, मी बाहेर बसेन, आत येणार नाही, डॉक्टरला एक शब्द विचारणार नाही. आईने कुरडया आणि मेतकूट बांधून ठेवलंय. तारीख आणि किती वाजताची वेळ दिलीये ते कळव म्हणजे मी बुकिंग करतो.

तुझा
पप्पा