सेंट्रल लाइनचं टोक मॉनिटर सांगतो: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मी सांगली जिल्ह्यात भूलतज्ज्ञ आहे. काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण भागातल्या रुग्णालयात, पायाच्या जखमेचा जंतुसंसर्ग रक्तात पसरलेल्या एका शेतकरी आजींच्या मानेत मी रात्री सेंट्रल लाइन, म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी, टाकली. रक्तदाब टिकवायला नॉरॲड्रेनॅलिन लागत होतं. हातातल्या बारीक शिरेतून ते पाझरलं तर कातडी काळी पडते, म्हणून ही लाइन. रक्त छान येत होतं, पण टोक कुठे पोचलंय ते कळायला एक्स-रे हवा, आणि तंत्रज्ञ यायचे सकाळी. रात्रभर हातातल्या सलाईनवरच औषध चालू ठेवलं आणि तो हात पुन्हा पुन्हा चाचपत बसलो. सकाळी दिसलं, नळी हृदयाकडे न उतरता काखेकडे वळली होती.

आजींचे ठोके दाखवणारा मॉनिटर उशाशीच होता. त्यानेच मला हे तिथल्या तिथे सांगितलं असतं.

नळीत सलाईन भरायचं आणि निर्जंतुक जोडवायरने ती ईसीजीच्या उजव्या हाताच्या लीडला (वायरीला) जोडायची. नळीचं टोकच इलेक्ट्रोड बनतं. ते हृदयाजवळ सरकेल तशी पी लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्याच्या आलेखातली पहिली छोटी लहर, उंच होत जाते. वरची महाशीर उजव्या कर्णिकेला (हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्याला) मिळते तिथे ती सर्वांत उंच दिसते. आणखी आत गेलं तर लहरीच्या सुरुवातीला खाली खाच पडते. मग थोडं मागे घ्यायचं. लहर वाढलीच नाही, तर नळी वाट चुकली. रुग्णाच्या सेंटिमीटरमधल्या उंचीला दहाने भागून किती सेंटिमीटर आत घालायचं ते ठरवण्याची पद्धत आम्ही वापरतो, पण तो अंदाज. १६० सेंटिमीटर उंचीच्या दोन माणसांच्या छात्या सारख्या नसतात.

मर्यादाही सांगतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे कर्णिका नुसत्या थरथरतात तेव्हा, पी लहरच नसते, पेसमेकर असेल तर वाचन फसतं. फुप्फुसाला सुई लागली का, हे ईसीजी सांगत नाही. त्यासाठी छाती तपासायची आणि एक्स-रेही काढायचा. सोनोग्राफीने शीर अचूक सापडते, ती जरूर द्या, पण टोक कुठे थांबलं हे त्या प्रोबने नेहमी दिसत नाही.

माझी मागणी मोठ्या यंत्राची नाही. जिथे सेंट्रल लाइन टाकली जाते त्या प्रत्येक शासकीय रुग्णालयाला निर्जंतुक जोडवायरी मिळाव्यात. ही जोडणी सलाईनमधून थेट हृदयापाशी पोचते, त्यामुळे मॉनिटर त्यासाठी सुरक्षित, म्हणजे सीएफ प्रकारचा आहे का आणि अर्थिंग नीट आहे का, हे बायोमेडिकल अभियंत्याने आधी तपासावं; यात तडजोड नको. ईसीजीची पट्टी केसपेपरला लावण्याची लेखी कार्यपद्धती काढावी, म्हणजे सकाळी येणाऱ्या डॉक्टरला रात्री काय दिसलं ते कळेल.

आणि डॉक्टर-नर्सना हे हाताला हात लावून शिकवावं लागेल. जत, आटपाडी, शिराळा, कुठेही बोलवा, माझे रविवार मी त्यासाठी देईन.

आपला,
एक भूलतज्ज्ञ, सांगली जिल्हा