इशारा जिल्ह्याला नव्हे, गावाला हवा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

अवकाळीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात आपल्या दैनिकात ‘सोलापूर जिल्ह्याला यलो अलर्ट’ किंवा ‘सोलापूरला ऑरेंज अलर्ट’ अशा मथळ्याची बातमी हमखास असते. माध्यमिक शाळेत अनेक वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका म्हणून मी ती आस्थेने वाचते आणि वाचून झाल्यावर दर वेळी तोच प्रश्न पडतो, की या बातमीवरून करमाळ्याच्या शेतकऱ्याने काय करायचे आणि अक्कलकोटच्या शेतकऱ्याने काय? आपला जिल्हा अकरा तालुक्यांचा आणि जवळपास 15 हजार चौरस किलोमीटरांचा आहे. करमाळ्याहून अक्कलकोटला रस्त्याने जायचे तर दीडशेहून अधिक किलोमीटर पडतात. वळवाचा ढग मात्र दहा-पंधरा किलोमीटरांच्या टापूत रिकामा होतो; बार्शीकडे गारांचा खच पडलेला असतो, त्याच वेळी सांगोल्याच्या माळावर नुसती धूळ उडत असते. अशा ढगासाठी अख्ख्या जिल्ह्याला एकच रंग दिला, तर दहा वेळा काहीच न घडलेली माणसे अकराव्या वेळी त्या रंगाकडे पाहणारच नाहीत, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही.

माझ्या धाकट्या दिरांची नान्नजला द्राक्षबाग आहे. काही वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात त्यांच्या शेडमध्ये बेदाणा वाळत होता, रॅकवर माल टाकून आठवा दिवस होता. दुपारी साडेचारच्या सुमारास पश्चिमेकडून आभाळ काळे होत आले आणि वारा सुटला. भावजी, जाऊबाई आणि दोन मजूर शेडच्या कडेने प्लॅस्टिकचा कागद ओढू लागले, पण तो अर्धा ओढून होण्याआधीच वाऱ्याने फाडून नेला. गारा आणि आडवा पाऊस यांत खालचे सगळे रॅक भिजले. भिजलेला बेदाणा काळा पडतो, त्याला बुरशी धरते आणि वर्षभराच्या मेहनतीचा माल पडत्या भावाने द्यावा लागतो. भावजींच्या मोबाइलवर इशाऱ्याचा संदेश आला तेव्हा पाऊस थांबून वीस मिनिटे झाली होती. तो इंग्रजीत होता आणि येत्या तीन तासांत सोलापूर जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस होईल, एवढेच त्यात म्हटले होते. शेड नीट झाकायला चार माणसांना पाऊण तास लागतो. तो पाऊण तास त्यांना मिळाला असता तर त्या वर्षीचे कर्ज फिटले असते.

गारांचा ढग नेमका कोणत्या गावावर फुटेल हे दोन दिवस आधी कोणालाही सांगता येत नाही, हे मीच वर्गात शिकवत आले आहे. उन्हाने तापलेल्या जमिनीवरची हवा वर चढते, समुद्राकडून आलेला दमट वारा तिला बाष्प पुरवतो, वरच्या थरात पश्चिमेकडून थंड हवा आलेली असते, आणि मग ढगातील थेंब पुन्हा पुन्हा गोठणरेषेच्या, म्हणजे ज्या उंचीवर पाणी गोठते तिच्या, वर उचलले जाऊन त्यांच्या गारा होतात. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये सुमारे तीन आठवडे राज्यभर गारपीट होत राहिली, तेव्हा आपल्या जिल्ह्यानेही तिचा मार खाल्ला. दोन दिवस आधी सांगता येते ते इतकेच, की हवामान गारांना अनुकूल आहे. मात्र ढग उभा राहिल्यावर रडारला तो दिसतो, तो कोणत्या दिशेने आणि किती वेगाने सरकतो आहे हेही दिसते. म्हणजे तासाभराची पूर्वसूचना विज्ञानाच्या आवाक्यात आहे, ती वाटेत कुठेतरी अडकते.

या विषयावर आत्ताच लिहावेसे वाटले, त्याला कारण माझी मुलगी. ती अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात, बफेलो शहराजवळ राहते. तिच्या भागात हिमवादळाचा इशारा लागला की तो मी तिच्याकडून वाचून घेते. काय येणार, कुठे येणार, कधीपासून कधीपर्यंत, त्याचा परिणाम काय होईल आणि कोणती खबरदारी घ्यावी, अशा ठरलेल्या क्रमाने तो लिहिलेला असतो. वादळाची शक्यता दिसली की आधी ‘वॉच’ लागतो, ते येणार हे जवळपास नक्की झाले की ‘वॉर्निंग’. सर्वांत विशेष गोष्ट कळली ती तिच्या काउंटीबद्दल, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या तिकडच्या विभागाबद्दल. एरी काउंटी आकाराने आपल्या जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाहूनही लहान आहे, तरीही हवामानाच्या इशाऱ्यासाठी तिचे उत्तर आणि दक्षिण असे दोन वेगळे भाग केले आहेत. एरी सरोवरावरून येणारा थंड वारा पाण्याची वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फाचा एक अरुंद पट्टा ओततो. त्या पट्ट्यात कमरेइतका बर्फ साचतो आणि थोड्याच अंतरावर रस्ता कोरडा असतो. निसर्ग पट्ट्यापट्ट्याने वागतो, म्हणून इशाराही तसाच द्यायचा, हे त्यांनी मान्य केले आहे. आपल्या वळवाच्या ढगाचे वागणे याहून काय निराळे आहे?

तिकडे सारे सुरळीत आहे, असे मला म्हणायचे नाही. 2022 च्या नाताळात त्याच बफेलोवर जे हिमवादळ आले, त्याचा अंदाज हवामान कार्यालयाने काही दिवस आधीच अचूक दिला होता. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचे झोत होते, विमानतळावर चार फुटांहून अधिक बर्फ पडला आणि समोरचे काही दिसू नये अशी स्थिती सुमारे 37 तास टिकली. तरीही वाहने रस्त्यावर आणण्यास बंदी लागू झाली ती 23 डिसेंबरला सकाळी साडेनऊ वाजता, म्हणजे वादळ दारात आल्यावर. तोवर माणसे कामावर निघाली होती. रुग्णवाहिका आणि बर्फ काढणारी वाहनेसुद्धा अडकली. त्या एका काउंटीत चाळीसहून अधिक माणसे मरण पावली. कोणी गाडीत, कोणी रस्त्यावर, कोणी वीज गेलेल्या थंड घरात. अंदाज बरोबर होता, पण त्यावरून निघायचा हुकूम उशिरा निघाला. मला ही घटना आपल्यासाठी फार महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे चर्चा नेहमी हवामान खात्याचा अंदाज चुकला की बरोबर आला एवढ्यावरच थांबते.

14 ऑक्टोबर 2020 हा दिवस आठवावा. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे तीव्र क्षेत्र आदल्या दिवशी आंध्रच्या किनाऱ्यावर चढले आणि तेलंगणावरून सरळ आपल्याकडे आले. त्या पावसात पंढरपूरला नदीकाठच्या कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जणांचा जीव गेला. पाऊस येणार हे कळलेले असताना कोणती भिंत, कोणता पूल, कोणती नदीकाठची वस्ती धोक्यात आहे हे गावागावांत आधी ठरलेले असावे आणि इशारा लागताच तिथली माणसे हलवण्याचे काम ठरलेल्या व्यक्तीने न विचारता सुरू करावे, अशी व्यवस्था असायला हवी.

रंगांविषयीही लोकांत गैरसमज आहे. हवामान खात्याच्या पद्धतीत यलो म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा आणि रेड म्हणजे कृती करा. रंग केवळ पावसाच्या मोजमापावरून ठरत नाही. संकटाची शक्यता आणि त्याचा संभाव्य परिणाम या दोहोंचा त्यात विचार असतो. बातमीच्या मथळ्यात मात्र उरतो तो फक्त रंग. शिवाय एका दिवसात पडलेल्या 64.5 मिलिमीटर पावसाला ‘जोरदार’ आणि 115.6 मिलिमीटरपासून पुढे ‘अति जोरदार’ हे वर्गीकरण कोकणासाठी आणि आपल्यासाठी सारखेच आहे. सोलापूर जिल्ह्याच्या पावसाची वर्षाची सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे ‘अति जोरदार’ पावसाच्या एका दिवसात आपल्या वर्षाचा पाचवा हिस्सा पडून जातो. कोकणातील ओढे तेवढे पाणी झटक्यात समुद्राला नेऊन सोडतात. आपल्या काळ्या रानात ते उभे राहते आणि ओढ्यांत बाभळी वाढलेल्या असल्याने वस्तीत शिरते. शब्द एकच असला तरी दोन्हीकडचे संकट एक नाही.

त्याहून अवघड प्रश्न नद्यांचा आहे, कारण आपल्या जिल्ह्यातील पूर बहुतेक वेळा आपल्या जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा नसतो. भीमेला पाणी येते ते पुण्याच्या घाटमाथ्यावरून, उजनीतून आणि नीरेवाटे वीर धरणातून. सीनेला येते ते अहिल्यानगर आणि धाराशिवकडून. 2025 च्या सप्टेंबरात सीनेने करमाळा, माढा आणि मोहोळ तालुक्यांतील गावे वेढली आणि लांबोटीजवळ सोलापूर-पुणे महामार्ग बंद करावा लागला, तेव्हा अनेकांना आपल्या डोक्यावर फारसा पाऊस नसताना दारात पाणी कसे आले याचेच आश्चर्य वाटत होते. जिल्ह्याच्या हद्दीत अडकलेला इशारा अशा वेळी उपयोगाचा नसतो. नदीच्या वरच्या अंगाला काय पडले आणि ते पाणी भीमा-सीनेच्या कुडल येथील संगमापर्यंत किती तासांत पोहोचेल, हे खालच्या गावांना कळायला हवे, आणि तेही त्यांना उमजेल अशा मापात. अमुक हजार क्युसेक विसर्ग हा आकडा अभियंत्यांसाठी आहे. पंढरपूरच्या माणसाला जुना दगडी पूल पाण्याखाली जाईल की नाही आणि पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागेल की नाही एवढे सांगितले, तर घरातले सामान केव्हा हलवायचे हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

काही चांगले झाले आहे, तेही नोंदवले पाहिजे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपास कोसळणाऱ्या विजेची सूचना देते. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची ‘सचेत’ यंत्रणा ठरावीक भागातील मोबाइलवर संदेश पाठवू शकते. राज्यात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळनिहाय, म्हणजे तालुक्यातील काही गावांच्या प्रत्येक गटासाठी, दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली, त्यांच्या नोंदी पीक विम्यासाठी वापरल्या जातात. नुकसान झाल्यावर मंडळाचा पाऊस पाहायचा आणि नुकसान होण्याआधी मात्र अख्ख्या जिल्ह्याला एक इशारा द्यायचा, ही विसंगती दूर व्हावी. आणि ज्यांच्या हातात स्मार्टफोन नाही त्यांचे काय? मंगळवेढा-सांगोल्याच्या माळरानावर मेंढरे घेऊन फिरणारा धनगर पाऊस आला की एकट्या लिंबाखाली उभा राहतो, आणि वीज नेमकी तिथेच पडते. त्याच्यापर्यंत पोहोचायला गावातील देवळाचा भोंगा आणि पोलीस पाटलांचा साधा फोनच उपयोगी पडतो.

माझी आपल्याकडे एक विनंती आहे. इशाऱ्याची बातमी देताना रंग मथळ्यात न ठेवता तालुके, वेळ आणि करायची गोष्ट मथळ्यात ठेवावी. ‘बार्शी, उत्तर सोलापूर, मोहोळ: दुपारी तीन ते सहा गारांची शक्यता, बेदाणा शेड झाकून ठेवा’ एवढे पुरे आहे. जिथे तालुकानिहाय माहिती मिळत नाही, तिथे ती का मिळत नाही हे संबंधित कार्यालयांना विचारून त्यांचे उत्तरही छापावे. नान्नज, कासेगाव, मंगळवेढा परिसरात यंदाचा बेदाणा फेब्रुवारीपासून रॅकवर पडू लागेल. त्याआधी एखाद्या शाळेने किंवा ग्रामपंचायतीने बोलावले, तर इशारा कसा वाचायचा हे समजावून सांगायला मी स्वखर्चाने यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
जुळे सोलापूर