दोन पगारांचे घर आणि एका कोयत्याचे घर

बीड

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा आराखडा मी दोनदा वाचला. शिकलेल्या मुली नोकरी करू लागल्या, त्यांची लग्ने तेवढ्याच पगाराच्या मुलांशी होऊ लागली आणि त्यामुळे घराघरांतील उत्पन्नाची दरी रुंदावली, असे तू मांडले आहेस. यातला हिशेब बरोबर आहे. पण त्यावरून दोष स्त्रीच्या नोकरीकडे जातो, ते मला पटत नाही.

समज, एका घरात नवऱ्याची कमाई महिना 60,000 रुपये आहे आणि दुसऱ्या घरात 12,000, म्हणजे अंतर पाचपट. पहिल्या घरातील बाईही 60,000 मिळवू लागली तर अंतर दहापट होते. तिच्याऐवजी दुसऱ्या घरातील बाई 12,000 मिळवू लागली तर ते अडीचपटीवर येते. आणि दोघीही मिळवू लागल्या तर पुन्हा पाचपट. म्हणून कोणत्या घरातील बाईला रोख मोबदल्याचे काम मिळते आणि कोणत्या घरातील बाईला मिळत नाही, हा तुझ्या प्रबंधाचा मुख्य प्रश्न असायला हवा.

आपल्याकडे अगदी गरीब घरातील बाई पूर्वीपासून राबतेच आहे, कारण तिच्या मजुरीवाचून चूल पेटत नाही. घराची स्थिती जरा सुधारली, मुलगी दहावी-बारावीपर्यंत शिकली, की तिला शेतमजुरीला पाठवणे कमीपणाचे वाटते आणि तिच्या शिक्षणाला साजेसे काम तर जवळपास नसते. म्हणून ती घरी बसते. पदवीच्या पुढे गेलेल्या मुली पुन्हा कामावर दिसतात. 2023 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी देशांच्या आर्थिक वाटचालीत दाखवलेली, स्त्रियांच्या कामातील सहभागाची आधी उतरणारी आणि मग चढणारी रेषा आपल्या एका तालुक्यातही अशी सापडते.

सर्वांत खालच्या घरांचे राबणे उत्पन्नात कसे मोजले जाते, हे मात्र तू आपल्या जिल्ह्यातच नीट पाहावेस असे मला मनापासून वाटते. ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) मिळते ती या जोडीला, आणि मजुरी ठरते ती टनावर. बाई ऊस तोडते, पाचट काढते, मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, शिवाय पहाटे उठून कोपीवरचा, म्हणजे तात्पुरत्या झोपडीतला, स्वयंपाकही तिच्याकडेच असतो. तरीही तिच्या श्रमाचा वेगळा आकडा कुठे नसतो आणि उचलीचा व्यवहार बहुतेक वेळा नवऱ्याशीच होतो. ती आजारी पडली तर खाडा मात्र धरला जातो. तुझ्या तक्त्यात हे घर ‘दोघे कमावते’ या रकान्यात, म्हणजे पुण्यातील दोन पगारांच्या घराशेजारी बसेल, आणि तसे बसवणे मला अन्यायाचे वाटते.

सरकारी आकडेही याच सावधगिरीने वाच. श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार 15 वर्षे व त्यावरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या 2017-18 मध्ये 23.3 टक्के होत्या, त्या 2023-24 मध्ये 41.7 टक्के झाल्या. ही वाढ प्रामुख्याने ग्रामीण भागातील आहे, आणि तिचा मोठा वाटा स्वतःच्या शेतीत किंवा घरच्या धंद्यात, पुष्कळदा विनावेतन, हातभार लावणाऱ्या बायकांचा आहे. अशा कामाने सहभागाची टक्केवारी वाढते, पण घरातील रोख उत्पन्न त्या मानाने वाढत नाही.

खालच्या घरातील बाईच्या हाती थेट मजुरी पडली तर काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्रानेच घालून दिले आहे. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली; पुढे 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, गावाच्या जवळ काम, आणि स्त्री-पुरुषांना एकाच दराने मजुरी, यामुळे त्या कामांवर बायका फार मोठ्या संख्येने आल्या. 2005 च्या केंद्रीय रोजगार हमी कायद्यात तर कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांना सांभाळायला एक बाई नेमण्याची तरतूद झाली. मुलाला ठेवायचे कुठे, हा प्रश्न सुटला नाही तर कसलीही योजना बाईपर्यंत पोहोचत नाही. 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यातला रोजचा वेळ सरासरी 299 मिनिटे आणि पुरुषांचा 97 मिनिटे भरला. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर सक्तीचे झाले, ते चांगलेच झाले. पण त्याचा लाभ प्रत्यक्षात पक्क्या नोकरीतील, म्हणजे बहुधा वरच्या घरांतील स्त्रियांनाच मिळतो. दरी वाढते ती या ठिकाणी, असे माझे ठाम मत आहे.

क्षेत्रभेटीसाठी यायचे असेल तर दसऱ्याच्या आधी ये, कारण हंगाम सुरू झाला की टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गेलेल्या असतात. प्रश्नावली बायकांकडून वेगळी भरून घे. दोघांना एकत्र बसवलेस तर मजुरीची उत्तरे नवराच देईल.

तुझी,
आई