प्रकल्प शाळेतच व्हावेत

महोदय,

शालेय प्रकल्प-प्रदर्शनांच्या छायाचित्रांत मुलांच्या हाती चकचकीत मॉडेल दिसतात. (ज्वालामुखी तर दरवर्षी फुटतो.) ती कोणाच्या हातची आहेत, हे आम्हा शिक्षकांना लांबूनच कळते. मी सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवते. वर्गातली बहुतेक मुले हातावर पोट असलेल्या घरांतली आहेत. त्यांना ‘घरून प्रकल्प करून आणा’ सांगणे म्हणजे कार्डशीट आणि रंगीत प्रिंटचा खर्च थकल्याभागल्या आईबापांच्या माथी मारणे. मग गुण मिळतात ते घरच्या ऐपतीला.

यावर प्रकल्पच बंद करा, असे काही सहकारी म्हणतात. मला ते पटत नाही. प्रकल्प शाळेच्या तासाला आणि शाळेच्या सामानातून करा, एवढेच माझे म्हणणे.

आमच्या सातवीने शाळेतला गळका नळ घेतला. दिवसभरात पाणी किती वाया जाते? एका गटाने थेंब मोजले. साधारण २० थेंबांचा १ मिलिलिटर. सेकंदाला एक थेंब धरला तर दिवसाचे ८६,४०० थेंब, म्हणजे चार लिटरांहून जास्त. दुसऱ्या गटाने औषधाच्या बाटलीच्या खुणांच्या टोपणात पाणी धरले. उत्तरे जुळेनात, जुंपली! एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली, ‘सकाळी धार मोठी असते, तुम्ही मोजलं कधी?’ घरी पाणी भरायचे काम तिच्याकडे असते. मग वेगवेगळ्या वेळी मोजणे आले आणि सरासरी काढणेही. पुस्तकातला तो धडा अजून यायचा होता. मुलांनी आकड्यांसह अर्ज दिला, नळाचा वॉशर बदलला गेला. आता आम्ही काय मोजायचे, अशी सहावीची तक्रार आहे.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्युई यांनी १८९६ मध्ये शिकागोत काढलेल्या शाळेतही सुतारकाम, स्वयंपाक, शिवण हे सगळे शाळेतच चाले. अलीकडे अमेरिकेतील मिशिगन राज्यात, कमी उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या शाळांत दुसरीच्या वर्गांवर अभ्यास झाला. तिथे शिक्षकांना प्रकल्पांचे पाठ आखून दिले होते. सामाजिक शास्त्रे आणि माहितीपर वाचनात ती मुले पुढे गेली. लेखनात मात्र तसा फरक दिसला नाही. मुलांना नुसते मोकळे सोडून भागत नाही. दशांश अपूर्णांक कच्चे असलेल्या मुलाला ते आधी शिकवावेच लागतात, नाहीतर गटात तो फक्त बाटली धरून उभा राहतो.

त्यासाठी वेळापत्रकात आठवड्यातून एकदा सलग दोन तास हवेत आणि शिक्षकाला तयारीला वेळ हवा. तो आज मिळत नाही. सामानाची पेटी शाळेने भरावी. आणि प्रदर्शनात मॉडेलशेजारी मुलांची नोंदवही खाडाखोडीसकट ठेवावी. परीक्षकांनी आधी ती उघडावी, मुलांना दोन प्रश्न विचारावेत आणि मगच गुण द्यावेत.

— एक शिक्षिका